गुरम्माची वाचनपरीक्षा

५ फेब्रुवारी १९२८, रविवार
जिने जन्मभर एकटी राहून प्रभूची सेवा करायचे ठरवले आहे, तिला दुसऱ्यांच्या लग्नाची सूचना ऐकून घाम का फुटावा? उत्तर येत नाही. मी बी. ए. आहे, तरी येत नाही.
आज चर्चमध्ये रामहरी पाळकांनी पहिली सूचना वाचली. सुतारकाम शिकवणारे शिवयोगी मास्तर आणि वसतिगृहात भाकऱ्या करणारी गुरम्मा. अशी सूचना तीन रविवार वाचतात, मग लग्न. कुणाची हरकत असल्यास कळवावी. माझी नाही. फक्त वाईट वाटले. मास्तर माझ्यासारखे एकटे राहिले असते, तर आम्ही दोघांनी मिळून एकटे राहून केवढे कार्य केले असते!

७ फेब्रुवारी, मंगळवार
आई म्हणाली, "लगीन करनार न्हाय म्हणून समद्या शुक्रवार पेठेला सांगून आलीस की. मग त्या पोरीचं हुतंय तर तुझं काय जातंय?" मी म्हटले, मला मास्तरांच्या आत्म्याची काळजी आहे. "व्हय," आई म्हणाली, "खांदे लई रुंद हायत त्या आत्म्याचे."
आई शिकलेली नाही.
संकल्प : मत्सर करायचा नाही.

९ फेब्रुवारी, गुरुवार
गुरम्मा अक्कलकोटकडची, निम्मे कानडीच बोलते. तिला वाचताना मी कधी पाहिले नाही. आमच्या चर्चच्या मंडळीचा जुना नियम आहे : नवरीला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता आले पाहिजे. केवळ नियम आहे म्हणून पाळकांना आठवण करून दिली. ते म्हणाले, "बरं केलंस पोरी. तूच शिकव, तूच परीक्षा घे. पास झाली की तिसरी सूचना वाचू."
शिकवण्याचे मनात नव्हते. परीक्षा घेण्यास मात्र तयार आहे.

१२ फेब्रुवारी, रविवार
दुसरी सूचना. गुरम्मा निळ्या लुगड्यात. निळा रंग तिला शोभत नाही. चार वेळा पाहिले. शोभत नाही.

१५ फेब्रुवारी, बुधवार
जोडाक्षरांपर्यंत आली. इतक्या लवकर यायला नको होती. येताना शेंगांची चटणी आणते. मी घेत नाही, आई घेते.
तिला न्यायला मास्तर आले. आमचे दार घासत होते, ते रंधा मारून नीट केले. मी म्हटले, आत या. म्हणाले, "नको बाई, हितंच बरं." किती संयम! माझ्यासमोर बसायचे त्यांना अवघड वाटत असावे.

१८ फेब्रुवारी, शनिवार
परीक्षा. बायबलातल्या वंशावळीचा उतारा दिला. ती नावे मलाही एका दमात येत नाहीत. गुरम्मा अकराव्या नावाला अडखळली. म्हणाली, "बाई, माज्या कानडी पुस्तकातनं वाचू का? त्यातलं समदं येतंय." मी सांगितले, परीक्षा मराठीत आहे. नियमात भाषेचे काही लिहिलेले नाही, पण लिहायला हवे होते.
नापास. तशी चिठ्ठी पाळकांना दिली. मन शांत आहे. जेवण गेले नाही, ते उन्हामुळे.

१९ फेब्रुवारी, रविवार
तिसरी सूचना वाचली नाही. मास्तरांनी वळून माझ्याकडे पाहिले. प्रथमच.

२० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी
मास्तरांचा निरोप : भेटायला येतो. पातळ बदलले. पुन्हा बदलले.

दुपारी
आले. आत बसले. म्हणाले, "बाई, गुरम्माला अजून किती दिस लागतील? न्हाय, घाई न्हाय. मला तर बाप्तिस्म्याआधी एक अक्षर येत न्हवतं. तिनंच शिकवलं की, कानडीतनं, भाकऱ्या थापता थापता. चार वर्सं लागली. एकदाबी नापास म्हनली न्हाय."


संध्याकाळी ६
पाळकांकडे गेले. सांगितले, गुरम्माला वाचता येते, पुढच्या रविवारी सूचना वाचा. मी तिला नापास केले, कारण शिवयोगी मास्तर मला हवे होते.
पाळक म्हणाले, "ठाऊक आहे." स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी मथुराबाई म्हणाल्या, "मलाबी. समद्या मंडळीला ठावं हाय की. त्या गुरम्माला तेवढं न्हाय."
म्हणून तिथून वसतिगृहात गेले आणि तिलाही सांगून आले.