मालनबाईंच्या नावचे बेचाळीस नंबर

बेंबळी, जि. उस्मानाबाद
दि. १४ ऑक्टोबर २००९

ती. मालनआत्यास,
प्रसेनजितचा सप्रेम जयभीम वि. वि.

इकडं सगळं ठीक. बाबांचा गुडघा दुखतो, पण तुमचा भाऊ दवाखान्याची पायरी चढेल तर शपथ. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून फोनचीच बातमी पत्रानं कळवतो. बालाघाट वायरलेस नावाची नवी मोबाइल कंपनी निघालीय, तिची बेंबळीची एजन्सी मी घेतली. चार जिल्ह्यांपुरती कंपनी, मालक दोघे साडू. माळावर टॉवर उभा राहिला आणि पहिल्यांदाच गावात घराबाहेर न येता बोलता येऊ लागलं.

अडचण एकच. पंधरा दिवसांत चाळीस जोडण्या दिल्या नाहीत तर एजन्सी दुसऱ्याला जाईल. गिऱ्हाइकं आहेत, कागद नाहीत. कुणाचं ओळखपत्र हरवलंय, कुणाच्या कार्डावर भलत्याचाच फोटो. तुमच्या ओळखपत्राच्या झेरॉक्स आणि सह्या मिळाल्या तर काम होईल. ज्याचे त्याचे कागद आले की नावं बदलून घेईन.

तुमचा लोभ आजवर मिळाला, तसा पुढंही मिळो.
आपला भाचा,
प्रसेनजित

तामलवाडी
दि. १९ ऑक्टोबर २००९

चि. प्रसेनजित यास,
मालनआत्याचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. चौतीस वर्षे शाळेत असताना ज्यांना लिहिता येत नव्हते त्या आईबापांचे अर्ज मी लिहिले, दाखल्यासाठी साहेबांपुढे उभी राहिले. माझी स्वतःची जन्मतारीख एक जून ही हेडमास्तरांनी अंदाजाने लिहिलेली. कागद नाही म्हणून कुणाचे काम अडले की मला राहवत नाही, हे ओळखूनच तू पत्र लिहिलेस. लबाड आहेस.

बेचाळीस झेरॉक्स सह्या करून पाठवते आहे. ज्या बाईला फोनवर अक्षर ऐकू येत नाही, तिच्या नावावर आता अख्ख्या गल्लीचे फोन! मात्र नावे बदलून घेण्याचे विसरू नकोस. गुलाबला सांग, गुडघा दाखव, नाहीतर मी येऊन दाखवीन.

आहे तो जिव्हाळा वाढवावा.
तुझी आत्या,
मालन

बेंबळी
दि. ३ मे २०१२

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

कंपनी आता नऊ जिल्ह्यांत गेली. बालाघाटवरून बालाघाटला बोलणं फुकट आहे, त्यामुळं सोयरिकीसुद्धा त्याच नंबरवर जुळायला लागल्यात. सोलापूरच्या मेळाव्यात थोरल्या साडूंनी मला शाल घातली आणि धाकट्यांनी घड्याळ दिलं. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, पण फोटोत हसले.

आपल्या गल्लीतल्या जलीलनं बोअर पाडायच्या गाडीवर दोन्ही बाजूंनी स्वतःचा नंबर रंगवून घेतलाय. अनिसाभाभीकडं शिलाईला तीन गावांची कापडं येतात ती फोनमुळंच. तुम्ही नावांचं विचारलंत. सगळे म्हणतात, फोन चालतोय ना, मग कशाला हात लावायचा? खरं सांगायचं तर मलाही सवड झाली नाही. यंदा करतोच.

माया कमी होऊ देऊ नये.
प्रसेनजित

बेंबळी
दि. २२ जानेवारी २०१८

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

हे पत्र बाबांच्या हाती देतोय, पोस्टाइतका वेळ नाही. कंपनी मोडली. दोघा साडूंचं भांडण कोर्टात गेलं होतंच, वर मोठ्या कंपन्यांनी दर पाडले. टॉवर एकानं विकत घेतले, लहरींचा परवाना दुसऱ्यानं. गिऱ्हाइकं कुणीच घेतली नाहीत. २८ फेब्रुवारीला सगळं बंद.

तोच नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीत जाता येतं, पण ज्याच्या नावावर नंबर आहे त्यालाच. आणि आता एका माणसाच्या नावावर नऊच नंबर चालतात. आत्या, ते बेचाळीस अजून तुमच्याच नावावर आहेत. मी एकही बदलला नाही.

इतरांना नवा नंबर घेऊन भागवता येईल, हाल होतील पण भागेल. गल्लीतल्या म्हाताऱ्या बेगमबीचं तसं नाही. तिचा मुलगा कलीम सहा वर्षांपूर्वी भांडून गेला. वर्षातून दोनदा त्याचा फोन येतो, दरवेळी वेगळ्या नंबरवरून, कुठं आहे ते सांगत नाही. त्याच्याकडं आईचा हा एकच नंबर. काल ती दुकानात येऊन बसली. म्हणाली, बेटा, तूच घरी येऊन फोन दिलास, आता तूच सांग म्या काय करू.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
प्रसेनजित

तामलवाडी
दि. २३ जानेवारी २०१८

चि. प्रसेनजित यास,
जयभीम. आशीर्वाद नंतर.

सवड झाली नाही, हे वाक्य माझ्या शाळेत चौथीतल्या पोरानेही लिहिले नसते. पण सह्या मी केल्या आहेत, तेव्हा निम्मी चूक माझी.

गुलाबला घेऊन आजच सोलापूरच्या कंपनीच्या कचेरीत जाऊन आले. तिथे निकिता नावाची मुलगी एकटीच उरली आहे. तिने पाटीवर लिहून मला समजावले. बंद होण्याआधी त्यांच्याच कचेरीत नाव बदलता येते. मात्र नंबराचा जुना मालक आणि नवा मालक दोघांनी समोर हजर हवे, दोघांचे अंगठे यंत्रावर हवेत. बुधवारी, ३१ तारखेला, तिचा शेवटचा दिवस. यंत्र चारला बंद. मी दहा वाजता जाऊन बसते. तू बेंबळीत थांब आणि जीप भरभरून माणसे पाठव. प्रत्येकाजवळ आधार कार्ड हवे. आता तरी सगळ्यांकडे आहे.

तुझी,
आत्या

तामलवाडी
दि. १ फेब्रुवारी २०१८

चि. प्रसेनजित यास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

काल काय झाले ते नीट कळवते, कारण तुझ्या बापाने तिकडे तिखटमीठ लावून सांगितले असेल. पहिल्या तीन जीपमधली माणसे सुरळीत झाली. अनिसाने अंगठा दिल्यावर माझ्या झंपराची शिवण उसवलेली पाहिली आणि रांगेतच टाके घातले. माझा अंगठा मात्र यंत्राला पटेना. खडूने रेषा झिजल्या म्हणे. निकिता दरवेळी ओल्या रुमालाने तो पुसायची. मी म्हणाले, पोरी, तुझी नोकरी आज संपते, तरी घाई नाही तुला? तिने पाटीवर लिहिले, उद्यापासून सवडच आहे.

शेवटची जीप तुळजापूरच्या घाटात पंक्चर झाली. माणसे दारात आली तेव्हा चार वाजून दहा मिनिटे झाली होती. यंत्र बंद. एकतीस झाले, अकरा राहिले. त्या अकरांत बेगमबी आहे. ती रडली नाही. पायरीवर बसून सगळ्यांना डब्यातली भाकरी वाटली.

या अकरांतले नऊ माझ्याच नावावर ठेवून दुसऱ्या कंपनीत नेता येतील. नऊ कुणाचे, हे तू ठरव. माणसे तू ओळखतोस.

काळजी घे.
आत्या

बेंबळी
दि. १३ फेब्रुवारी २०१८

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुमच्या अंगठ्यानं नऊ नंबर परवा नव्या कंपनीत गेले आणि काल संध्याकाळी सुरू झाले. बेगमबीचा पहिला लावून पाहिला. वाजला. ती फोन कानाला लावून बराच वेळ हॅलो हॅलो करत राहिली, मी समोरच उभा होतो तरी.

सोडायचे होते दोन. एक माझ्या दुकानाचा सोडला. आठ वर्षं गावाला तोच पाठ होता, पण ज्याला विसर पडला त्यानंच सोडावा. दुसरा कुणाचा, हे मला ठरवता येईना. दोन दिवस सगळ्यांना चुकवत फिरलो. शेवटी जलील आपण होऊन दुकानात आला, अन् आधी मला चार लोकांत लई शिव्या घातल्या. मग म्हणाला, माझी तर गाडी चालती-फिरती पाटी आहे, पुसून नवा नंबर लिहितो, पण पेंटरचे पैसे तुझ्या आत्याच्या नावावर मांडायला सांगीन.

दुकानावरची बालाघाटची पाटी उतरवली. आत्या, तुम्ही रागावला आहात का, ते पत्रात लिहिलं नाहीत.

प्रसेनजित

तामलवाडी
दि. १७ फेब्रुवारी २०१८

चि. प्रसेनजित यास,
मालनआत्याचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

रागावले होते. तुझ्या दुकानाच्या नंबराचे वाचले तेव्हा राग उतरला. जलीलला सांग, पेंटरने खुशाल माझ्या नावावर मांडावे.

आता नीट वाच. ते नऊ नंबर अजून माझ्या नावावर आहेत. नव्या कंपनीत नाव बदलायला नव्वद दिवस थांबायला सांगितले आहे. ते संपले की दर सोमवारी एकेकाला घेऊन सोलापूरला ये, मी फाट्यावर उभी राहते. बेगमबीला सगळ्यांत आधी आण. सवडीचे कारण देऊ नकोस. मला सदुसष्ट पूर्ण होतील, आणि मी काही तुझ्या कंपनीसारखी महिनाभर आधी तारीख कळवून बंद होणार नाही.

येशील तेव्हा जेवूनच जायचे.
तुझी आत्या,
मालन