घुमट आतून पांढरा झाला

रत्नागिरी
सर्वपित्रीचा आदला दिवस

प्रिय हेमा,

जोतं मी बांधलं. त्यावर वाळू, मीठ आणि फुटक्या काचांची गादी मी घातली. तळाच्या विटा पाणसळ लावून मी बसवल्या. घुमट माझा, दाराची कमान माझी, धुराडं माझं. दाराचं झाकण फणसाच्या फळीचं, त्याला आतून पत्रा, तोही मीच ठोकला. निखारे ओढायचा दांडा एका भंगारातल्या पंपाच्या शाफ्टपासून केलाय आणि ट्रे आत सरकवायची लांब फळी आपल्या मोडक्या पलंगाची आहे. एवढ्या सगळ्यात दुसऱ्याचा हात लागला तो फक्त टेम्पोतून विटा उतरवताना, आपल्या रितेशचा. आणि माझ्या या पुतण्याने त्यातही दोन फोडल्या. भट्टी झाली, हेमा. नुसती उभी नाही राहिली, पक्की झाली.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला कुठे पुरं बोलू देतेस? बाळ उठलं, बाळ झोपलं, कुकर झाला, ठेवते. म्हणून बसून लिहितोय. रितेश संध्याकाळच्या एसटीने पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि एक डबा देतोय. डबा आधी उघडला असशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

तू श्रावणात आपल्या लेकीच्या, भार्गवीच्या बाळंतपणाला गेलीस आणि त्याच आठवड्यात, तू नानकटाई भाजून आणायचीस त्या बेकरीवाल्यांनी जुनी भट्टी पाडून विजेची आणली. बाहेरचे ट्रे आता भाजायला घेणार नाही, असं त्यांनी मलाच सांगितलं, म्हणजे तुला कळवायचं काम माझ्यावर आलं. दिवाळीच्या ऑर्डरी तर तू जायच्या आधीच घेऊन ठेवलेल्या. मला वाटलं तू भडकशील. तू एवढंच म्हणालीस, की दसऱ्याच्या सकाळी सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज टाकून देते, नानकटाई आता बंद. कायमचीच बंद. अगदी शांतपणे म्हणालीस. मी म्हटलं, बरं. आणि दुसऱ्या दिवशी परड्यात पत्र्याची शेड उभी करायला घेतली.

पहिला घुमट मी जांभ्याच्या चिऱ्यांचा केला होता, हे तुला सांगितलं नव्हतं. आपलं घर चिऱ्याचं, विहीर चिऱ्याची, गडगा चिऱ्याचा. मग भट्टीलाच संगमेश्वराहून विटा कशाला आणायच्या, असं माझं गणित. एकेक चिरा तासून घुमटाचा आकार काढला. दिसायला असा देखणा, की मी रोज सकाळी चहा तिथेच उभा राहून घ्यायचो. पण जांभा पावसाळाभर पाणी पिऊन बसलेला असतो, हे मी, विहिरीत पंप उतरवत आयुष्य घालवलेला माणूस, विसरलो. जाळ घातला, तासभर बरं चाललं, आणि मग आतून असा आवाज झाला की शेजारच्या गंगुबाई सूप टाकून धावत आल्या. गडग्यापलीकडून म्हणतात, काय वो भावजी, दिवाळी आली काय यवढ्यात? माथ्याचा चिरा फुटून आत पडला होता. मी म्हटलं, चाचणी घेत होतो. त्या म्हणाल्या, मग घ्या हो, आम्ही वाती वळून ठेवतो.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. घुमट पडला त्याचं नव्हतं एवढं. दसरा जवळ येत होता. दुसऱ्या दिवशी विटा सांगितल्या.

यावेळी घाई केली नाही. ओल्या वाळूचा ढीग थापून घुमटाचा साचा केला, त्यावर भिजवलेले पेपर, त्यावर चिकणमाती आणि वाळूच्या गाऱ्यात विटांचे थर. विटा अर्ध्या करून लावल्या, म्हणजे गोलाईत फटी कमी राहतात. दाराची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या दोन-तृतीयांशाहून थोडी कमी ठेवली. दार जास्त उंच झालं तर ऊब निघून जाते, ठेंगणं झालं तर जाळ गुदमरतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही, बेकरीची जुनी भट्टी पाडत होते तेव्हा तिथे जाऊन मापं घेऊन आलो होतो. बेकरीवाल्याला वाटलं मी भंगार बघायला आलोय. गारा आवळल्यावर दारातून हाताने वाळू उपसली. शेवटची ओंजळ बाहेर आली. घुमट जागचा हलला नाही. मग वरून मातीत भाताचं तूस कालवून जाड लेप दिला.

खरी परीक्षा पुढेच होती. नव्या भट्टीला एकदम जाळ दाखवायचा नसतो, ओल हळूहळू बाहेर काढायची असते. पहिल्या दिवशी नुसत्या चार करवंट्या पेटवल्या, देवापुढे धूप घालावा तेवढ्या. मग रोज थोडं वाढवत नारळाची सोडणं, मग काटक्या, मग आंब्याची बारीक फाटी. घुमटाला बाहेरून घाम सुटायचा. हात ठेवला की ओल कुठवर आली ते कळायचं. रोज थोडी वर सरकायची. आणि मग एका सकाळी डाव्या अंगाला, कमानीपासून वर, केसाएवढी चीर दिसली.

मी कोणाला सांगितलं नाही. चिरेच्या टोकाला पेन्सिलीने आडवी रेघ मारली, पंपाच्या बॉडीला तडा गेला की मारतो तशी. चीर रेघ ओलांडून गेली तर ही भट्टीही गेली, आणि तुझा दसऱ्याचा मेसेजही गिऱ्हाइकांना गेला समज. रोज जाळ वाढवायचा आणि रोज रेघेपाशी वाकून बघायचं. रितेश म्हणाला, काका, तुम्ही भट्टी भाजताय की भट्टी तुम्हाला? मी त्याला सोडणं आणायला पिटाळलं. चीर रेघेच्या अलीकडेच राहिली. आजही तिथेच आहे. भट्टी तापली की मिटते, निवली की दिसते, एवढंच.

परवा पहिल्यांदा पुरा जाळ घातला. आतला घुमट सुरुवातीला काजळीने काळाकुट्ट झाला, मग पार माथ्यावर एक पांढरा ठिपका उमटला. बघता बघता तो पसरत खाली आला आणि सगळा घुमट आतून पांढरा झाला, चुना दिल्यासारखा. काजळीच जळून जाते एवढी उष्णता धरली, म्हणजे भट्टी तयार. मी घमेलं पालथं घालून त्याच्यावर बसलो. गंगुबाईंना हाक मारून दाखवलं. त्यांनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, आता हेमावैनींना बोलवा, तुमचं बघून झालं.

नानकटाईचं पीठही त्यांनीच मळलं, तुझ्या मापाने. आणि तुझ्यासारखं नाही झालं हेही त्यांनीच चारदा सांगितलं. पहिला ट्रे मी घाईने आत सारला, बुडं काळी झाली. मग निखारे ओढून काढले, तळ ओल्या पोत्याने पुसला आणि दार लावून भट्टीला दम खाऊ दिला. चिमूटभर मैदा तळावर टाकून बघितला. जळला नाही, सावकाश बदामी झाला, तेव्हा दुसरा ट्रे. डब्यात आहे तो दुसरा ट्रे. वर चिरा पडल्यात, तुला आवडतात तशा. जायफळ कमी आहे, ते गंगुबाईंना सांग, मला नको.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. रितेशने भट्टीचा फोटो स्टेटसला टाकला आणि काल किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टचे मालक गाडी घेऊन दारात आले. त्यांना पिझ्झ्यासाठी अशीच भट्टी हवी होती. त्यांचा आचारी, त्यांची टेबलं, आपलं परडं. मी तुझ्या नानकटाईचं सांगितलं तर म्हणाले, त्यात काय, आमची गर्दी ओसरली की वहिनी भाजतील की. माणूस वाईट नव्हता, सहज बोलला. पण मला बेकरीची मागली पायरी दिसली. मांडीवर ट्रे घेऊन, त्यांचे पाव, बटर, खारी सगळं निघेपर्यंत तू तिथे बसायचीस, आणि घरी येऊन कधी बोलली नाहीस. मीही कधी विचारलं नाही. आता आपल्याच परड्यात तुला कोणाची गर्दी ओसरायची वाट बघायला लावू? मी नाही म्हटलं, आणि म्हटल्यावर इतकं हलकं वाटलं की त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. तो मेसेज टाकू नकोस, हेमा. सगळ्यांना कळव की नानकटाई मिळेल. आणि गंगुबाईंनी गडग्याआडून सगळं ऐकलंय, त्यांच्या तोंडून तुला मी नाकारलेला आकडा कळण्याआधी माझ्याकडून कळू दे: दिवाळीपासून डिसेंबरअखेर भट्टी आणि परडं रिसॉर्टवाल्यांच्या ताब्यात, त्याचे रोख दोन लाख चाळीस हजार.

तुझाच,
गोपाळ