माहेरचं रंगीत मीठ

नाशिक, १९ मार्च २००७

चि. केसरीनाथ यास कमळाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की तुझी रेंज जाते, म्हणून पत्र. आपल्या आगरातल्या पहिल्या राशीचं मीठ मिळालं. व्यापाऱ्याआधी लेकीला, ही आईची रीत तू पाळलीस, बरं वाटलं. फक्त एक सांग, हल्ली आपलं मीठ रंगपंचमी खेळून येतं का? कैऱ्या खारवायला पाण्यात टाकलं, तर निळे-तांबडे कण वर तरंगले. तुझ्या नातवाच्या उष्टावणाला येतेच आहे. त्याला काय भरवणार, तेवढं कळव.

तुझी, ताई

काल्हेर (भिवंडी), २६ मार्च २००७

ती. कमळाताईस केसरीनाथचा शि. सा. न. वि. वि.

नाशिकच्या पाण्याने डोळे फार तेज होतात असं दिसतं! बांधाजवळची जागा मी एका शेठला भाड्याने दिली आहे. तो जुन्या बादल्या, खुर्च्या दळून, धुऊन प्लास्टिकचा दाणा करतो. ते पाणी खाडीत जातं, नि भरतीला खाडी आपल्या आगरात येते. त्यात चार कण आले तर बिघडलं काय? मलमलीतून गाळून घे. माझा प्रितम तिथेच सुपरवायझर आहे, बाइकवरून ड्युटीला जातो. मीठ विकून बाइक आली असती का? आईला हल्ली नीट दिसत नाही, त्यामुळे तिची तक्रार नाही. पण घरच्या पोराच्या जिभेवर पहिलं मीठ आपल्याच आगरातलं, हे तिचं टुमणं चालू आहे.

लोभ गाळून घेऊ नये.
तुझा, केसरीनाथ

नाशिक, २ एप्रिल २००७

चि. केसरीनाथ यास आशीर्वाद. वि. वि.

मलमलीतून गाळलं. उरलेलं पाणी माझ्या मृणालीने कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. रंगीत चुरा होताच, फक्त मलमलीला न सापडणारा. पोटात गेल्यावर हा काय करतो, असं आमच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, अजून नीट कुणालाच माहीत नाही. वा! म्हणजे ते शोधून काढायचा मान प्रितमच्या बाळाला. शेठ आपल्याला भाडं देतो, आपण त्याला नातू देतो. थट्टा करतेय खरी, पण मला भीती वाटते रे.

तुझी, ताई

काल्हेर, ९ एप्रिल २००७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

एक काम कर. येताना दुकानातली मिठाची पुडी आण. मी इथे घेतली तर गाव हसेल, की आगऱ्याच्या घरात मीठ विकतचं. साडीत गुंडाळून आण, नि आईला आपल्याच आगरातलं म्हणून सांग. काल तिने चिमूट बोटांत चोळली नि विचारलं, की हे मीठ हाय का रांगोळी हाय.

तुझा, केसरीनाथ

नाशिक, १४ एप्रिल २००७

चि. केसरीनाथ यास आशीर्वाद. वि. वि.

पुडी घेतली. साडीत नाही, हातात धरून आणेन. आईला खरं तूच सांग, कारण चिमूट तिच्या हातून बाळाच्या तोंडात जायची आहे. आणि एक, पुडीवर निळ्याशार समुद्राचं चित्र आहे. तिथल्या बांधावरही कुणी केसरीनाथ असेलच. त्याचा पत्ता मिळाला तर कळव, त्यालाही एक पत्र टाकते.

बाळाचा पापा घे. राग आहे, त्याहून लोभ जास्त आहे.
तुझी, ताई