बिल्ल्याची बाजू

२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईच्या घशातली गाठ काढायचीच असं ठरल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. आवाज राहील, पण तोच राहील याची खात्री देता येत नाही, हे डॉक्टरांचं वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंग्यासारखं फिरतं आहे. काल एका गृहस्थांच्या कवळीत उजवीकडचा सुळा डावीकडे बसवला. वरचा जबडा आम्ही टेबलावर पालथा ठेवून काम करतो. लक्ष जरा ढळलं की या बाजूचं त्या बाजूला होतं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. आमच्या लॅबवाल्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं. ते ओरडण्यापेक्षा जास्त लागतं.

फोनवर आई मुद्दाम खणखणीत बोलायला जाते आणि मग खोकत बसते, म्हणून यापुढे पत्रच लिहीन. तिला वाचून दाखव. पुढचा भाग मात्र गाळ.

तिचा आवाज धरून ठेवायचा आहे. गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या ज्या आवाजावर सगळा एसटी स्टँड बावीस वर्षं घड्याळं लावायचा, त्याचा एक तुकडाही कुणाकडे नाही. जे बोलली ते तिथल्या तिथे हवेत गेलं आणि मग घोषणांचं मशीन आलं. मोबाइलवर बोल म्हटलं की ती साबणाच्या वडीशी काय बोलायचं असं विचारते. तिला समोर तिचा तो जाळीदार डोक्याचा, जाडजूड चंदेरी माइक हवा. तो कुठल्या भंगारात गेला देव जाणे. पण तशा जुन्या माइकचा हुबेहूब सांगाडा विकत मिळतो असं मला कळलं आणि मी मागवला आहे. नुसता सांगाडा. नळी, जाळी, स्क्रू, पुढची बाजू दाखवणारा एक गोल पितळी बिल्ला. आतलं सगळं आपण भरायचं.

त्याचा कान म्हणजे रुपयाएवढी चकती, तिच्या एका बाजूला सोन्याचा मुलामा दिलेला पापुद्रा ताणलेला. हाताचं बोट लागलं तरी संपला. सोनेरी तोंड ज्या बाजूला, तिकडचंच त्याला ऐकू येतं. पाठीमागे कुणी बसलं तर त्याला जवळजवळ बहिरा. सध्या ती चकती डबीत आहे आणि डबी मी तीनदा उघडून बघितली आहे.

वहिनीला आठवण सांग. लोभ आहे तो असू दे, हसायचं तेवढं हसून घे.

तुझी,
मुंगी


९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तू गाळायला सांगितलेला भाग आईने दोनदा वाचून घेतला. मी उडी मारली की तिला लगेच कळतं, कारण मी श्वास घेतो म्हणे. सोन्याच्या कानाचं तिला फार कौतुक वाटलं. स्वतःच्या कानात कधी सोनं टिकलं नाही, हरवलंच, असं म्हणाली.

मग रुसली. तिचं म्हणणं असं की आवाज उरलाय कुठे, हा खरवडलेला टोप आहे. तो कशाला जपून ठेवता. मी म्हटलं, मुंगी ऐकणार नाही, एकदा कामाला लागली की तिच्या वाटेत बोट ठेवलं तरी ती वळसा घालून जाते. त्यावर आई म्हणाली की वळसा घालण्यात ती पहिल्यापासून हुशार. याचा अर्थ तुझा तू लाव.

तब्येत म्हणशील तर ठीक. तिला काही भीतीबिती नाही. मला तर अजिबात नाही. आवाज बदलला तर निदान पहाटे अंघोळीच्या हाका तरी नव्या सुरात येतील. मी माझी बस घेऊन रोज स्टँडवर शिरतो तेव्हा ते मशीन अजूनही पुलापलीकडच्या गाडीला चुकीच्या फलाटावर पाठवतं. प्रवासी आता त्याच्याकडे लक्ष देत नाहीत, मला विचारतात.

ऑपरेशन ५ मार्चला आहे. यंत्र तर पाठवच. पण पाच तासांचा रस्ता आहे, गाडी थेट आहे, आणि चालक ओळखीचा आहे. बघ.

वहिनी म्हणते, एवढे दात करतेस, तर मोठ्या भावाशी बोलताना जीभ जरा त्यांच्या आत ठेवावी. मी तिला सांगितलं, ते आमच्या घरात कुणालाच जमलेलं नाही.

तुझा,
दादा


२१ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माइक बोलला. म्हणजे आधी त्याने तळण काढलं. पहिल्यांदा सुरू केला तर कानात नुसतं तेल तडतडत होतं. सगळे सांधे तपासले, दोन तारा उकरून पुन्हा जोडल्या, तडतड तशीच. दोन दिवस मी लॅबमध्ये कुणाशी धड बोलले नाही. मग लक्षात आलं की माइकच्या त्या सोनेरी कानाजवळच्या भागावर सोल्डरचा चिकटा राहिलाय आणि माझ्या बोटांचा तेलकटपणाही. तिथे इतका बारीक कारभार चालतो की बोटाचा ठसासुद्धा वीज पळवतो. लॅबमधून स्पिरिट आणि दात घासायचा मऊ ब्रश आणला, घासलं, हेअर ड्रायरने सुकवलं. तडतड गेली आणि जे उरलं ते इतकं शांत होतं की मला माझ्याच घड्याळाची लाज वाटली.

कपड्यांच्या कपाटात बसून चाचणी घेतली. दार ओढून, साड्यांमध्ये डोकं खुपसून. काय बोलावं सुचेना. शेवटी स्टँडवरच्या घोषणा म्हटल्या, आठवल्या तेवढ्या. तुला सगळ्या पाठ होत्या. शाळा सुटल्यावर तू तिच्या टेबलाखाली बसून ओठ हलवायचास, आणि मी बाहेर बाकांमधून हुंदडायचे. एकदा खरंच हरवले आणि कुणीतरी मला चौकशीच्या खिडकीशी नेलं, तेव्हा तिने चिठ्ठी वाचून त्याच सुरात माझी घोषणा केली होती, एखाद्या छत्रीची करावी तशी. आवाज जरासुद्धा हलला नव्हता. मला तेव्हा फार राग आला होता.

आज खालचे स्क्रू आवळले, बिल्ला चिकटवला, आणि लगेच खोक्यात भरला. हातात राहिला असता तर पुन्हा उघडला असता. सोबत रेकॉर्डर आहे. माइकला लागणारी वीज तोच पुरवतो. नीट वाच. बिल्ल्याची बाजू आईकडे. तोंड आणि माइक यांत एक वीत. भिंतीवर जाडसं पांघरूण टांग. तू माइकच्या पलीकडे, आईच्या समोर बस, आणि कृपा करून गप्प बस. श्वाससुद्धा बेतानं.

मला येता येत नाही. लॅबमध्ये काम तुंबलंय. आणि मी आले तर आई माझ्या जेवणाचं बघत बसेल, बोलायचं राहून जाईल. माझं डोकं ठिकाणावर नाही, एवढंच समज.

लोभ कमी झाला असेल तर वरचं वाचून पुन्हा वाढव.

मुंगी


१ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

काल रेकॉर्डिंग झालं. सोबत रेकॉर्डरचं मेमरी कार्ड पाठवतो आहे. पुठ्ठ्यात घातलंय, वाकवू नकोस.

खोकं उघडल्यावर आईने आधी हात धुतले. हात पुसून आली आणि तुझा माइक असा उचलला की जणू कुणाचं तान्हं पोर. मग जाऊन कामावरचं जुनं घड्याळ बांधून आली. ते बंद आहे, पण असो. खुर्चीत ताठ बसली, जाळीला डोळा लावून आत बघितलं. टॉर्च मागितला. पुढून बघितलं, वाकून मागून बघितलं. मग टॉर्च विझवून बराच वेळ मांडीवर धरून बसली. मी विचारलं, काही बिघडलंय का. तर म्हणाली, नाही, छान केलंय पोरीने, तू आहेस तिथेच बस, हलू नकोस.

मग सुरू झाली. सकाळच्या पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत, सगळ्या. आवाज फाटत होता, पण ती थांबली नाही. मध्ये पुलापलीकडची गाडी विसरली, मग आठवली. हरवलेल्या वस्तू झाल्या, सापडलेल्या वस्तू झाल्या. तुझीही झाली. शेवटी तिने सवयीने बटण बंद केल्यासारखं टेबलावर बोट दाबलं आणि चहा टाकायला सांगितला.

मी दगडासारखा बसलो होतो. चूं केलं नाही. वाटल्यास वहिनीला विचार, ती दारात उभी होती.

परवा दिवशी दवाखान्यात दाखल करायचं आहे. ती पिशवी भरते आणि रिकामी करते. मी गाडी धुतो. कालही धुतली होती.

येत असशील तर तसं कळव, येत नसशील तर पुन्हा कारण लिहू नकोस.

दादा


८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन पार पडलं आणि गाठ साधी निघाली, हा तुझा फोन आल्यावर मी लॅबच्या जिन्यात बसून राहिले. लॅबवाल्यांनी पाणी आणून दिलं. आज पाकीट मिळालं आणि कार्ड ऐकलं. आता जे लिहिते आहे ते आईला वाचून दाखवू नकोस. या वेळी खरंच.

आई त्यात नाही. आहे, पण शेजारच्या खोलीत दार लावून कुणी बोलावं तशी. सूर कळतो, शब्द निसटतात. मी आवाज वाढवत गेले तर भिंतीवरून परत आलेली ती तेवढी मोठी झाली. आधी वाटलं, वायर सुटली. मग बिल्ल्याचं लक्षात आलं.

चाचणी घेतली तेव्हा बिल्ला लावलाच नव्हता. सोनेरी बाजू कुठली ते मला नुसतं माहीत होतं. मग खालचे स्क्रू आवळायला मी माइक टेबलावर पालथा केला, आमच्या वरच्या जबड्यासारखा, आणि तसाच पालथा असताना, समोर आलेल्या बाजूला बिल्ला चिकटवला. गोल बिल्ला, त्याला ना वर ना खाली. सरळ केल्यावर तो बहिऱ्या बाजूला गेला. एवढी वर्षं लोकांच्या तोंडांचे साचे उलटेपालटे करते आहे, आणि स्वतःच्या आईच्या तोंडासमोर माइकची पाठ ठेवली. दादा, तो आवाज आता परत मिळणार नाही. मी तो हाताने घालवला.

आणि दुसरं. तू दगडासारखा बसला नव्हतास. तू तिकडच्या बाजूला होतास, सोन्याच्या अगदी तोंडाशी. माझ्या माइकने तुला इतकं नीट ऐकलंय की तुझी मिशी घासलेली कळते. तू सगळ्या घोषणा म्हटल्या आहेस. पुटपुटत, आईच्याच हेलात, तिच्या अर्धा शब्द पुढे. गाड्यांच्या वेळांसकट. जिथे ती पुलापलीकडची गाडी विसरली तिथे ती नाही, तू बोललायस, आणि मग दुरून तिने ती उचलली आहे. तुला हे माहीत तरी आहे का? मला वाटतं, नाही.

माझ्या घोषणेपाशी आलास. निळा फ्रॉक, एका पायात चप्पल, नाव विचारल्यावर मुंगी असं सांगते, हिच्या घरच्यांनी चौकशीच्या खिडकीशी यावं. लहानपणी मी एवढंच ऐकलं होतं. पण तू पुढे एक वाक्य म्हटलंस जे मला कधी ऐकू आलं नव्हतं. तेव्हा तिने बटण बंद केल्यावर, टेबलाखाली तुझ्याकडे बघून म्हटलेलं असणार. पळ, तिला घेऊन ये, माझे पाय हलत नाहीत.

ते ऐकून मी रेकॉर्डर बंद केला आणि भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

मला काय करावं कळत नाही. सांग.

मुंगी


१३ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या दादाने पत्र वाचून दाखवलं नाही. टेबलावर ठेवून गाडी धुवायला गेला. मी समजायचं ते समजले आणि वाचलं. सध्या मला बोलायची बंदी आहे आणि गळ्यात पाटी आहे. वहिनी खूश आहे, पण पाटीवर मी काय काय लिहिते ते बघून तिची खुशी ओसरते आहे.

रडतेस काय. सोनं कुठल्या बाजूला आहे ते मला टॉर्चच्या उजेडात दिसलं होतं. माझ्या बाजूला नुसती काळी भोकं होती. तूच लिहिलं होतंस, सोनेरी तोंड तोच कान. मी सांगितलं असतं तर त्याने माइक फिरवला असता आणि या फुटक्या गळ्याची तुम्ही जन्मभर जपणूक करत बसला असतात. मला ते नको होतं. ते माझं नव्हेच. मी कशी बोलायचे ते बघायचं तर ते कुणाकडे आहे हे मला आधीपासून ठाऊक होतं. टेबलाखाली त्याचे ओठ हलायचे ते मी वरून बघायचे. मोठा झाल्यावर लाजून बंद केलं असं वाटलं होतं. त्या दिवशी मी मुद्दाम सगळ्या गाड्या घेतल्या. घसा दुखत होता तरी. पुलापलीकडची विसरले तीही मुद्दाम.

त्याला हे सांगू नकोस. कळलं तर पुन्हा गप्प बसेल. तसंही तुझं पत्र वाचल्यापासून माझ्यासमोर मिशीवर हात ठेवून वावरतो आहे.

कारागिरी चांगली आहे. जाळी एका ठिकाणी जरा चेपली आहे, ती तू चेपलीस की टपालवाल्यांनी, ते खरं सांग. बिल्ला उपटू नकोस. चूक दिसत राहू दे. कवळीतला तो सुळा बदलून दिलास ना?

तुझी घोषणा करताना आवाज हलला नव्हता हे खरं आहे. हलला असता तर तू आणखी घाबरली असतीस. बाकीचं दादाने सांगितलंच आहे, म्हणजे माइकने.

डॉक्टरांनी २६ तारखेला बोलायला सांगितलं आहे. थोडंच बोलायचं, जपून. आवाज कसा निघेल कुणास ठाऊक. घोगरा निघेल, बोकडासारखाही निघेल. पहिला शब्द कुणावर खर्च करायचा ते मी ठरवलेलं नाही. त्या दिवशी समोर जो बसलेला असेल त्याला मिळेल.

तुझ्याकडून सकाळची थेट गाडी सातला सुटते. त्या दिवशी ती दादाची आहे. खिडकीपाशी बस.

तुझी,
आई