ह्यांची सूज आणि सुधाताई

४ फेब्रुवारी १९९९
ह्यांचा ओठ, डावा गाल पुन्हा सुजला. मानेसरच्या कारखान्याला जाणारी कंपनीची बस अर्ध्या वाटेत सोडून ऑटोने परत. डिस्पेन्सरीत ॲलर्जीचं इंजेक्शन. उपयोग शून्य, नेहमीसारखाच. सासूबाई: "काल वांगं कशाला केलंस?" शेंगदाणे, अंडी बंद करून झालंय.

९ फेब्रु.
मोठ्या हॉस्पिटलात नवे डॉ. घरात अजून कुणाला? मी नाही म्हणणार, तेवढ्यात हे म्हणाले, "मेरी बड़ी बहन को." सुधाताई. दाढ काढली आणि दुसऱ्या दिवशी घसा सुजून गेल्या. बाविसाव्या वर्षी. लग्नाला बारा वर्षं झाली, मला 'तापाने गेल्या' एवढंच माहीत होतं. रक्त घेतलं.

१८ फेब्रु.
हाफ डे. रिपोर्ट. डॉ. म्हणाले, "यह एलर्जी है ही नहीं." कागदावर काढून दाखवलं. रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात. जंतू शिरले की एकामागोमाग एक जागी होतात, जंतू मारतात, सूज आणतात. त्यांना आवरणारं एक प्रथिन ह्यांच्यात जन्मापासून कमी. म्हणून दाढेएवढ्या निमित्ताने, कधी निमित्ताशिवायही, सूज येते. पोटातसुद्धा. घसा सुजला तर घरी थांबायचं नाही.
आणि मुलांना निम्मी शक्यता.
आमची मुग्धा नऊ वर्षांची आहे.

१९ फेब्रु.
सासूबाईंना सांगितलं. बराच वेळ मेथी निवडत राहिल्या. मग, "सुधाची दाढ काढल्यावर मऊ द्या म्हणाले होते. मी शिरा भरवला तिला. गरम होता. त्यानेच घसा सुजला असं..."
चोवीस वर्षं हे मनात.
"नाही आई, शिऱ्याने नाही."
"डॉक्टर म्हणाले?"
हो म्हटलं. विचारलं नव्हतं.

२ मार्च
मुग्धाची टेस्ट नको, म्हणतात हे. कळून करायचं काय, उद्या लग्नाच्या वेळी... मी म्हटलं, "सुधाताईंचं आधी कळलं असतं तर?" हे उठून बाल्कनीत गेले.
मुग्धाचं सकाळपासून पोट दुखतंय. पोट कुणाचं दुखत नाही?

५ मार्च
मुग्धाचं रक्त तपासायला दिलं. ह्यांनीच सकाळी "चल" म्हटलं. सासूबाईही आल्या. मुग्धा म्हणाली, "आजी, बिल्कुल नहीं दुखा." आजीने हात सोडला नाही.
रिपोर्ट गुरुवारी.
दुपारी मुग्धाने दहीभात मागितला. पोट कसं आहे, विचारलं.
"ठीक है ना आई. सारखं सारखं नको विचारू."