घुबडाचं नाणं

ता. ४ मार्च

सौ. वहिनींना शि. सा. न. वि. वि.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते. अक्षर लागेल तसं लावून घ्या. दादाला शिकवायचं म्हणून माझी शाळा चौथीत बंद झाली, त्यामुळे या अक्षराला निम्मं तुमचं घरच जबाबदार आहे.

तर बातमी अशी की घुबड सापडलं. दोन वर्षांपूर्वी सरकारने ती पाखरांची चार नवी नाणी काढली ना, घार, बगळा, चिमणी आणि घुबड, त्यातलं घुबड म्हणे फार थोडं पाडलंय. दादाकडे तीन आहेत. चौथ्यासाठी त्याने ट्रेमध्ये एक कप्पा रिकामा ठेवलाय, हे मला तुमच्या शेजारणीकडून कळलं, तुमच्याकडून कुठलं कळायला. आणि काल मी बेकरीत पाव घ्यायला गेले, तर बेकरीवालीने सुटे पैसे हातावर ठेवले त्यात घुबड. नवंकोरं. डोळे असे वटारलेले की मला आधी वाटलं तुमचाच फोटो छापलाय. मी तिथेच उभी राहून बेकरीवालीला दादाचं सगळं पुराण सांगितलं. मागे रांग तुंबली, एक बाई कुरकुरली, तिलाही सांगितलं.

आता दादाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. नाणं विकत आणायचं नाही, कुणी भेट दिलं तर ठेवायचं नाही. घड्याळ दुरुस्त करून मजुरीत हातावर पडलं तरच ते त्याचं. म्हणून मी माझं बंद पडलेलं घड्याळ घेऊन गुरुवारी येते. तो दुरुस्त करील, मी मजुरीत घुबड देईन, आणि वर्षभराने भावाचं तोंड बघेन. दार उघडा म्हणजे झालं.

लोभ होता कधीकाळी. सापडला तर पुसूनबिसून ठेवावा.

तुमची नणंद

•

ता. ९ मार्च

श्रीमती वन्संना न. वि. वि.

पत्र पोचले. गुरुवारी तुम्ही बेल वाजवत होतात तेव्हा मी घरातच होते. पुन्हा आलात तरी उघडणार नाही.

तुमच्या नातीच्या लग्नात तुम्ही चार लोकांत काय बोललात ते मी विसरलेले नाही. दादाचा हात आता थरथरतो, चिमट्यात स्क्रू धरवत नाही, बिचारा. ते बिचारा तर मला जन्मभर पुरेल. त्या हॉलमध्ये आमची निम्मी गिऱ्हाइकं जेवत होती. महिन्याभरात घड्याळं यायची बंद झाली. हे सकाळी उठून टेबल पुसतात, भिंग डोळ्याला लावतात आणि रिकाम्या टेबलाकडे बघत बसतात. दुपारनंतर तेही करत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात. नाण्याचा कप्पा रिकामा का राहिला, तर मजुरी देणारं कुणी उरलं नाही म्हणून. ते तुमच्या जिभेचं काम आहे.

शिवाय तुमचं मनगटी घड्याळ ह्यांना आता खरंच जमणार नाही. तुमच्यासमोर ह्यांच्या हातातून स्क्रू पडावा आणि तुम्ही ते पुढच्या लग्नात सांगावं, एवढ्यासाठी मी दार उघडू? नाणं पोस्टाने पाठवलंत तर तसंच परत येईल.

लोभाची विचारपूस करू नये.

तुमची भावजय

•

ता. २३ मार्च

सौ. वहिनींना शि. सा. न. वि. वि.

मी खोटं काय बोलले? हात थरथरतो की नाही थरथरत? काळजीनेच बोलले, आता माझी काळजी मोठ्या आवाजात येते त्याला मी काय करू. तुमची काळजी कडी लावून बसते, तिला कुणी काही म्हणत नाही.

असो. तुम्ही मला अडवलंत, म्हणून मी बेकरीवालीला पाठवलं. गेल्या आठवड्यात भिंतीवरचं मोठं घड्याळ पिशवीत घालून एक ठेंगणी बाई आली होती ना? तीच. मी तिला घुबड दिलं आणि बजावलं की मजुरी म्हणून हे नाणं दादाच्या तळहातावर ठेव, वर बाकीचे पैसे, आणि माझं नाव काढू नकोस. काल ती हसत आली. घड्याळ ठणठणीत चालतंय, बेकरीत ठोका पडला की पाव कापणारा दचकतो. दादाने तिला चहा पाजला म्हणे, आणि पूर्वीसारखी घड्याळाच्या पोटातली गंमत सांगितली. मी इतकी खूश झाले की तिच्यासमोरच मोठ्याने गायले, सून बघायला आली.

मग बेकरीवाली सहज म्हणाली की मजुरी दाराशी बाईंनीच घेतली. वहिनी, ते नाणं दादाला दिलंत ना? उलट टपाली कळवा. लोभ राहू दे, तेवढं कळवा.

तुमची नणंद

•

ता. २८ मार्च

श्रीमती वन्संना न. वि. वि.

नाणं गेलं. मजुरी मीच घेते, लग्न झाल्यापासून घेते, हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं. मुठीतली नाणी मी बघितली नाहीत. मागोमाग दूधवाला आला, त्याला दिली. तुमचं पत्र वाचून मी चपला घालून त्याच्या मागे गेले. त्याने ती सकाळीच पंपावर पेट्रोलला दिली होती. तुम्ही मला सरळ सांगितलं असतंत तर हे झालं नसतं. मी तुम्हाला सांगू दिलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

ह्यांना सांगणं भाग होतं. मला वाटलं जेवायचे नाहीत. तर हे हसायला लागले. वर्षात पहिल्यांदा. म्हणाले, बाजारात चालायला पाडलं होतं, चाललं की. मग म्हणाले, ती पुढचं गिऱ्हाईक कधी पाठवतेय विचार.

त्यांनी तुम्हाला ओळखलं होतं. बेकरीवाली सारखी तळहात पुढे करा म्हणत होती म्हणे, असलं नाटक एकटी तुम्हीच शिकवू शकता.

भिंतीवरचं घड्याळ मोठं, त्याचे स्क्रू मोठे, ते ह्यांच्या हातात राहिले. दुसऱ्या दिवशी टेबल दोनदा पुसलं. तेव्हा तुमच्या गल्लीत सांगा, मनगटी घड्याळं घेत नाही, भिंतीवरची घेतो. लग्नात सांगितलंत तेवढ्याच मोठ्याने सांगा. अशी घड्याळं जड असतात, पोस्टाने येत नाहीत. कुणाच्या हाती देऊ नका, तुम्ही घेऊन या. दार उघडीन. बोलणार मात्र नाही.

लोभाचं नंतर बघू.

तुमची भावजय

•

ता. २ एप्रिल

सौ. वहिनींना शि. सा. न. वि. वि.

शनिवारी येते. शाळेचं एक, दवाखान्याचं एक आणि शिंप्याच्या दुकानातलं एक, अशी तीन घड्याळं रिक्षात घालून आणते. शिंप्याचं तर चालू होतं, पण मी म्हटलं मागे पडतंय.

तुम्ही खुशाल बोलू नका. दोघींच्या वाटचं मी बोलेन.

तुमची नणंद