तवियाचे नवे उद्योग

शनिवार, ४ मे

सगळ्यात आधी पोचली अज्वा. माझ्या या भाचीला गर्दीचा वास माश्यांच्याही आधी येतो. साबणाची जाहिरात करायला आलेल्या गाडीपुढे दोन खुर्च्या धरून बसली होती. "मावशी, तविया वाजवणार आहे."

तविया म्हणजे आमचा तविया. सव्वीस वर्षं ओतूच्या बँडमध्ये ड्रम वाजवले. ओतू माझा धाकटा दीर — नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी मला वहिनीच म्हणतो. मंगळवारी होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून संध्याकाळी बँड. पुढच्या रांगेत मी आणि माझी बहीण एकुवा. तवियाने काठ्या उचलल्या की आमचे गुडघे दुखायचे थांबत. जानेवारीत त्याने बँड सोडला. का, ते सांगत नाही.

तर आज काय वाजवलं? बादली. उपडी, साबणाची. कपडे धुताना मी याहून बरी वाजवते. तोंडावर सांगितलं तसं. मान खाली घालून हसला. निर्लज्ज.

रविवार, ५ मे

नव्या चर्चमध्ये गेलो. पास्टरबाईंनी त्याच्या हातात खुळखुळा दिला होता. सव्वीस वर्षं ड्रम वाजवलेला हात, आणि खुळखुळा! मी जरा मोठ्यानेच म्हटलं, "बाळ झोपलं रे, आता पुरे." बाकावरच्या तिघी हसल्या. पास्टरबाई नाही हसल्या. तवियाने माझ्याकडे बघितलं आणि ताल चुकला.

सोमवार, ६ मे

विकायचे मासे धुरावर चांगले वाळले. बाकी काही नाही. गुडघा.

गुरुवार, ९ मे

आज एका दुकानापुढे तविया आणि लॅपटॉप. बोटाने एक बटण दाबलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला. वाजतंय आपलं आपण! अज्वा म्हणाली, "मावशी, हल्ली असंच असतं." असू दे. मग त्याला कशाला उभं केलंय, माश्या वारायला?

मला इतकं का लागतं ते लिहून ठेवते. पंचवीस तारखेला एकुवाला जाऊन वर्ष होईल. जाताना तिने माझा हात धरून विचारलं होतं, "वर्षाच्या दिवशी तविया वाजवेल ना गं?" मी हो म्हटलं. त्या दिवसासाठी काळंपांढरं कापड शिवून आलंय, जेवणाला मक्याच्या केंकेचं सांगून ठेवलंय, आणि ओतूचा नवा ड्रमवाला गळक्या छपराखाली डबा ठेवल्यासारखा वाजवतो. मेलेल्या बहिणीला दिलेला शब्द कसा मोडू?

म्हणून तवियाला गाठलंच, आमच्या रीतीप्रमाणे मोठ्यांकरवी माफी मागायला लावायला. "तुझ्यावर रागावलेय मी. घरच्या मोठ्यांना पाठव माझ्याकडे, रीतसर. तोवर बोलू नकोस."

"खरंच पाठवू?"

"पाठव म्हटलं ना."

"बघा हं," म्हणाला. लॅपटॉप तिथेच विसरून गेला.

शनिवार, ११ मे

आले! त्याची मोठी बहीण मान्सा आणि त्यांचे मामा. मान्सा नवं कापड नेसून, कानात सोनं घालून. माफी मागायला एवढं नटतात का? पण असो, मान दिला म्हणायचा. पाणी दिलं. मामांनी दारूची बाटली पुढे ठेवली — चांगल्यातली, रिबीन बांधलेली. आलेल्याचं म्हणणं ऐकायचं आणि मगच बाटली उघडायची, कारण उघडली म्हणजे मागणं कबूल. पण मामा खोकायलाच इतका वेळ लावतात.

"तर आमच्या तवियाच्या वतीने—"

"पुरे हो मामा, सगळं कळलंय मला. कबूल." आणि उघडली. पहिले थेंब जमिनीवर, एकुवासाठी.

मान्सा म्हणाली, "इतक्या लवकर?"

"आता या वयात किती ताणायचं?"

मामांना ठसका लागला. मी माझी अट सांगितली — पंचवीसला तविया ओतूच्या बँडबरोबर ड्रमवर बसलाच पाहिजे.

"बसेल की," मान्सा म्हणाली. "आता तर तो बँडमध्ये परत जायला मोकळाच झाला."

मोकळा कसला, ते कळलं नाही. पण शब्द मिळाला. अर्धी बाटली आम्ही तिघांनी संपवली. मान्साने जाताना माझे दोन्ही गाल धरले. माफीचं इतकं कौतुक मी आजवर पाहिलं नव्हतं.

रविवार, १२ मे

सकाळी ओतू आला. हसून हसून त्याला बसावं लागलं. "वहिनी, ज्याच्या हाताखाली वाजवतो त्याच्याच वहिनीला मागणी कशी घालायची, म्हणून बँड सोडला म्हणे गाढवाने! काल रात्री येऊन सांगितलं मला."

अज्वा म्हणते, बाटली आता परत करता येत नाही. कशी करणार, अर्धी पोटात आहे.

सकाळपासून गुडघा दुखलेला नाही.

मान्सा आणि मामा लग्नाचं ठरवायला मंगळवारी पुन्हा येतो म्हणालेत, दुसरी बाटली घेऊन. चौदा तारीख. या खेपेला मामांना पुरतं खोकू देणार आहे, सगळं ऐकून घेणार आहे, आणि मग उघडणार आहे.